विडी सुटली तर दोष बांधणाऱ्याचा

सोलापूरच्या पूर्वभागात मुलगी बघायला गेले की चेहरा नंतर बघतात, आधी बोटं बघतात. भूदेवीला बघायला आलेल्या राजव्वानं तर चहा यायच्या आधीच तिच्यापुढं तंबाखूचं सूप सरकवलं आणि म्हणाली, "वळ बघू थोड्या." भूदेवीनं पान घेतलं, तंबाखू भरली, वळली, दोरा मारला. राजव्वानं एक विडी उचलून दोन बोटांत दाबली आणि दोरा नखानं ओढून पाहिला. दोरा हलला नाही. लग्न ठरल्यात जमा झालं.

तेवढ्यात भूदेवी म्हणाली, "आता त्यांना म्हणा, माग चालवून दाखवा."

बापानं डोळे वटारले, आई पदर तोंडाला लावून आत पळाली, आणि नवरामुलगा मल्लेशम लाजून जमिनीकडं बघत बसला. राजव्वा मात्र खो खो हसली. पूर्वभागातल्या पद्मशालींत, म्हणजे आम्हा तेलुगू विणकरांत, सासू सुनेच्या उद्धटपणाला हसली, हे तोवर कुणी ऐकलं नव्हतं. पुढं या दोघींचं जे काही झालं त्याचं मूळ त्या हसण्यात होतं, असं आमच्या गल्लीचं मत आहे, आणि गल्लीची मतं एरवी कितीही टाकाऊ असली तरी हे एक बरोबर आहे.

राजव्वाच्या, म्हणजे म्याकलांच्या, घरात येऊन भूदेवीनं दोन लेकरं जन्माला घातली, आधी अंबिका, मग श्रीहरी. दुसऱ्या बाळंतपणाला महापालिकेच्या प्रसूतिगृहात गेली तेव्हा पोटातल्या कळा सोसत तिनं नर्सबाईंना सांगून टाकलं, की आता बाळंत झाले की लगेच ऑपरेशन करा, घरी जाऊन परत यायला मला वेळ नाही. पोरगा झाल्यावर राजव्वा कळवळली. "अगं, अजून एक पोरगा होऊ दे की. एका डोळ्याला काय डोळा म्हणतात?"

"दोन झाले की अत्ता. एक पोरगी, एक पोरगा," भूदेवी म्हणाली. सासूला आमच्यात अत्ता म्हणतात. "तिसरा डोळा शंकराला. मला परवडत नाही."

टाक्याचं ऑपरेशन झालं. टाके निघाले तशी ती परत सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. बेंबीखाली बोटभर वण राहिला, आणि त्या वणावर तिचा इतका विश्वास होता की कुणी 'अजून एखादं होऊ दे' म्हटलं की ती पोटावर थाप मारून म्हणायची, "दुकान बंद. कुलूप सरकारचं आहे."

पुढं पूर्वभागातले माग एकामागून एक बंद पडले आणि मल्लेशम बाकीच्यांसारखा भिवंडीला गेला. वर्षातनं दोनदा यायचा. एकदा नारळी पौर्णिमेला, मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा, कारण त्या दिवशी नवं जानवं घालायला घरी नसेल तो पद्मशाली कसला. आणि एकदा दसऱ्याला. माणूस गरीब होता. म्हणजे स्वभावानं, पैशानं तर सगळेच होते. कुणी मोठ्यानं बोललं की त्याचं स्वतःचं मत गळून पडायचं.

त्या वर्षी रथाला तो आला, जानवं बदललं, लेकरांना खांद्यावर घेऊन रथ दाखवला, चार दिवस राहिला आणि गेला. पितृपंधरवडा संपत आला तेव्हा एका सकाळी भूदेवीनं तंबाखूची पिशवी उघडली आणि तिला तंबाखूचा वास आला.

विडीवालीला तंबाखूचा वास येत नसतो. लहानपणापासून नाकात तोच असतो, तर येणार कसा? भूदेवीला तो आयुष्यात दोनदाच आला होता. एकदा अंबिकाच्या वेळी, एकदा श्रीहरीच्या. ती मोरीत जाऊन ओकली, चूळ भरली आणि स्वतःशीच हसली. म्हटलं, वयाचं काहीतरी असेल. मग बोटांवर दिवस मोजले. मग हसली नाही.

शेजारच्या कनकव्वाची आणि म्याकलांची भिंत एक. कनकव्वा कानानं फार चांगली होती. दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय गं भूदेव्वा, सकाळ सकाळी कसला आवाज यायलाय?"

"पित्त झालंय."

"हो का? माझ्या नणंदेला पण असंच पित्त झालं होतं. आता पहिलीत जायलंय."

भूदेवीनं ओली पानं गोणपाटात गुंडाळली. तिनं उत्तर दिलं नाही हीच कनकव्वाला बातमी पुरली.

राजव्वाला सांगावं लागलं नाही. तिला कनकव्वाच्याही आधी कळलं होतं. लेकरं शाळेला गेल्यावर तिनं दार लोटलं आणि कात्री खाली ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, "तिकडं पलीकडच्या पेठेत एक बाई डॉक्टर हाय. अंधार पडल्यावर जाऊ. दुसऱ्या दिवशी कामाला बसशील. कुणाला कळायचं नाही."

"तुमच्या लेकाला?"

"त्याला कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

भूदेवीनं सासूकडं नीट बघितलं. "अत्ता, तुम्हाला पण वाटतं का, मी काही केलं म्हणून?"

"मला काय वाटतं ते कोण विचारतंय? लोक काय म्हणतील ते बोल. नवरा परगावी, बाईचं ऑपरेशन झालेलं, आणि दिवस गेलेत. तूच सांग, दुसरीचं असं झालं असतं तर आपण काय म्हटलं असतं?"

हे खरं होतं आणि म्हणूनच भूदेवीला जास्त झोंबलं. दुसरीचं असं झालं असतं तर तिनंही दोन शब्द जास्तच बोलले असते. पण सत्य गिळून गप्प बसणारी ती नव्हती.

"चोरी केली असती तर चोरून गेले असते," ती म्हणाली. "मी उद्या सकाळी जाते. मोठ्या रस्त्यानं जाते. आणि ज्यांनी बांधलं त्यांच्याकडंच जाते."

राजव्वानं तिचा हात धरला. सोडेना. भूदेवीला वाटलं, म्हातारी अब्रूला घाबरली. तिनं हात सोडवून घेतला.

प्रसूतिगृहात डॉक्टर शहापूरकर नावाच्या बाई होत्या. चष्मा डोक्यावर ठेवून त्या तोच चष्मा टेबलावर शोधत होत्या. भूदेवीनं खुणेनं दाखवला आणि सगळं एका दमात सांगितलं. तपासणी झाली. दिवस होतेच.

"होतं असं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"होतं म्हणजे? कुलूप लावलं होतं की तुम्ही."

"कुलूप नसतं ते. गर्भाच्या नळ्या बांधून मधला तुकडा कापतात. बहुतेकींना जन्मभर पुरतं. पण शरीर आपलं आपण भरून काढायला बघतं. एखादीच्या नळीला आतून बारीक वाट परत फुटते. दोनशे बायकांत एखादी. आणि पहिल्याच वर्षी होईल असंही नाही. आठ-दहा वर्षांनीसुद्धा होतं. कुणाची चूक नसते त्यात."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"कागदावर लिहिलेलं असतं."

"कागदाला मी अंगठा दिला होता बाई. तोंड तुमच्याकडं होतं की."

डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बरं, ते भांडण नंतर कर माझ्याशी. आधी सांग, पोटात एका बाजूला दुखतंय? चक्कर येते? खांद्यात कळ?"

"नाही. का?"

"ऑपरेशननंतर राहिलेला गर्भ कधीकधी पिशवीत पोचतच नाही, नळीतच अडकतो. तिथं वाढला तर नळी फुटते आणि बाई तासाभरात जाते. पाळी चुकली त्याच आठवड्यात यायला पाहिजे होतंस. ऑपरेशन झालंय, मग कसं काय राहील, पित्त असेल, म्हणत तुम्ही घरी बसता, आणि आम्हाला थेट बेशुद्ध बाई बघायला मिळते."

सोनोग्राफीच्या बाकावर बसून भूदेवीला पहिल्यांदा भीती वाटली. गल्लीची भीती तिला कधी वाटली नव्हती, गल्ली म्हणजे काय, चार कनकव्वा. पण अंबिकाची वेणी सकाळी राजव्वानं घातली होती आणि ती वाकडी झाली होती, तेच तिला सारखं आठवत राहिलं. आपण गेलो तर पोरीच्या वेण्या अशाच वाकड्या राहणार. तिनं मार्कंडेयाला हात जोडले. हा मुनी लहानपणी यमाच्या फासातून सुटलेला. त्याला मरण टाळायची सवय आहे, असा तिचा हिशेब.

पोटावर गार काहीतरी चोळलं गेलं. डॉक्टरबाई पडद्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"पिशवीत आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "जागेवर आहे."

भूदेवी उठून बसली. डोळ्यांतून पाणी आलं ते पदरानं पुसलं आणि लगेच रागही आला, की या बाकावर आपल्याबरोबर घरचं कुणी का नाही.

"ठेवायचं की नाही ते तुझ्या मर्जीवर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऑपरेशन फसलं तर कायद्यानं मोकळं होता येतं. इथं, उघड. नवऱ्याची सही लागत नाही, सासूचीही नाही. फार उशीर करू नकोस इतकंच."

"ठरवते आणि सांगते," भूदेवी म्हणाली. "पण जे करीन ते दिवसाउजेडी करीन."

आता इकडं कारखान्यात काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे. विडीच्या कारखान्यात बायका रोज सकाळी आदल्या दिवशीच्या विड्या घेऊन जातात आणि चेकर त्या बघतो. सैल, फाटकी, वाकडी विडी दिसली की बाजूला टाकतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचं नुकसान बाईचं, तिचे पैसे मिळत नाहीत. म्हणून चेकर कुणाच्या किती छाटतो यावर सगळ्यांचा डोळा. भूदेवीची छाट सगळ्यांत कमी निघायची, कारण तिचा हात चांगला होता. इतकी वर्षं हे कारण सगळ्यांना पुरत होतं. आता पुरेना. सिद्राम चेकर तिच्या विड्या उगाच सोडतो का, असं कनकव्वानं एकीच्या कानात सांगितलं आणि दुपारपर्यंत ते पूर्वभागभर झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सिद्राम म्हणजे बायकोनं 'जेवा' म्हटल्याशिवाय भूक न लागणारा माणूस. त्याच्या कानावर हे गेलं आणि त्याची पाचावर धारण बसली. आपण निर्दोष आहोत हे दाखवायला त्याला एकच उपाय सुचला. दुसऱ्या दिवशी भूदेवीच्या विड्या समोर येताच तो मूठमूठभर उचलून छाटीत टाकायला लागला. चांगल्या, घट्ट, सरळ विड्या. बायका रांगेत उभ्या राहून बघत होत्या आणि एकमेकींना कोपरं मारत होत्या.

भूदेवीनं छाटीच्या टोपलीत हात घातला, एक विडी काढली आणि सिद्रामच्या नाकासमोर धरली. "काय वाईट हाय हिच्यात?"

"ते... सैल हाय."

"ओढ दोरा."

"बाई, मागं लाइन हाय, कशाला उगाच..."

"ओढ म्हणते ना!"

सिद्रामनं ओढला. हलला नाही. भूदेवीनं टोपली उचलून त्याच्या गादीवर पालथी केली आणि बायकांकडं वळली.

"ऐका गं सगळ्या. पाठीमागं बोलून घसा सुकला असेल, म्हणून समोर सांगते. माझे दिवस गेलेत. ऑपरेशन झालं होतं, तरी गेलेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोनशेत एखादीचं सुटतं. खोटं वाटतं? आपण सगळ्या जन्मभर दोरेच बांधतोय. जिच्या हातची एक पण विडी सुटत नाही, तिनं पुढं यावं. माझ्या सुटतात. कनकव्वाच्या तर मोजायलाच नको. मग विडी सुटली तर शिव्या कुणाला बसतात? बांधणाऱ्याला का तंबाखूला? डॉक्टरच्या हातचा दोरा सुटला तर मात्र वाईट मी! चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि हा सिद्राम. याच्याकडं बघा तरी एकदा. पाप करायचंच असतं तर मी जरा बरा माणूस बघितला नसता?"

सगळ्यात आधी सिद्रामच हसला, सुटकेनं. मग चार-पाच जणी हसल्या. कनकव्वा हसली नाही. हसणाऱ्यांनीही बाहेर पडल्यावर भूदेवीपासून दोन पावलं अंतर ठेवलं, कारण हसणं वेगळं आणि सोबत चालणं वेगळं.

त्याच दुपारी ती राजव्वाला घेऊन कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर गेली. भिवंडीला मागाच्या शेजारच्या चहावाल्याकडं फोन लागायचा. मल्लेशम आला, पण 'हॅलो' म्हणाला तसंच तिला कळलं, याला आधीच कळलंय. कनकव्वाचा भाऊ त्याच खोलीत राहायचा.

"लोक काहीबाही बोलायलेत," मल्लेशम म्हणाला.

"लोक बोलायलेत. तुम्ही काय बोलता?"

मागून मागांचा खडखडाट येत होता. 

"रथाला आला होता का नाही?"

"आलो होतो की."

"मग?"

"पण ऑपरेशन झालं होतं ना तुझं..." आणि मग घाईघाईनं, "अम्मा म्हणेल तसं कर. झालं-गेलं मिटवून टाक."

भूदेवीनं लग्नापासून त्याला 'तुम्ही' म्हटलं होतं. ते त्या क्षणी संपलं. "मिटवायला मी काय पेटवलंय? ऐक. सद्दुलाच्या दिवशी मी बतुकम्मा घेऊन पटांगणात जाणार, दरवर्षी जाते तशी. नवरा म्हणून यायचं असेल तर त्याच्या आधी ये. नंतर आलास तर पाहुणा म्हणून ये, चहा देईन. आणि अम्मा म्हणते तसं मी करायची नाही. अम्मानं स्वतःच्या वेळी काय करायचं ते केलं असेल, मी माझं करीन."

तिनं फोन ठेवला आणि मागं वळली. राजव्वा बूथच्या दारात पांढरीफटक उभी होती. "चला अत्ता," भूदेवी म्हणाली, "ऊन लागेल." शेवटचं वाक्य ती रागात सहज बोलून गेली होती, ते कुठं जाऊन लागलं, हे तिला ठाऊक नव्हतं.

बतुकम्मा म्हणजे आमच्या बायकांचा सगळ्यात मोठा सण. अमावास्येपासून रोज फुलं रचायची आणि अष्टमीला, सद्दुलाच्या दिवशी, सगळ्यात उंच रचून पटांगणात मध्ये ठेवायची, मग टाळ्या वाजवत भोवती फेर. गाणं एकीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. आमच्या गल्लीत गाणं सांगायची ती राजव्वा. नवरा गेल्यापासून ती फेरात येत नसे, मारुतीच्या पायरीवर बसून सांगे. विधवेनं सांगावं का, यावर एकदा कुरबुर झाली होती, पण सगळी गाणी दुसऱ्या कुणाला येतच नव्हती, तेव्हा धर्म गप्प बसला.

त्या आठ दिवसांत राजव्वा सुनेशी कामापुरतं बोलली. फुलं मात्र तिनंच आणून दिली. माळावरून तरवड, कुर्डू, बाजारातून झेंडू. भूदेवीनं परातीत थर लावले, कुर्डूचे तुरे जांभळे-हिरवे रंगवले, वर भोपळ्याचं फूल आणि हळदीची गौरम्मा. मलिदा केला. दर थोड्या वेळानं ती गल्लीच्या तोंडाकडं बघत होती. भिवंडीची गाडी सकाळीच येऊन गेली होती. मल्लेशम आला नव्हता.

उन्हं उतरली तशी तिनं परात डोक्यावर घेतली. पटांगणात पंधरा-वीस परातींचं रिंगण आधीच मांडलं होतं. तिनं आपली परात मध्ये ठेवायला वाकताच कनकव्वा आडवी आली.

"तू यंदा घरातच खेळ, भूदेव्वा."

"का? माझी फुलं काय बाटली?"

"फुलांचं कोण बोलतंय? गौरम्मा हाय ती. तिच्यासमोर कुणी उभं राहावं, कुणी नाही, याला काही रीत हाय का नाही?"

एकीनं आपली परात उचलून लांब ठेवली. मग दुसरीनं. बघता बघता भूदेवीची परात एकटीच मध्ये उरली. तिची हनुवटी वर होती, पण हात नुसते लोंबत होते. तिला तिथून हलायचं नव्हतं. हलली असती तर ती घर, गल्ली, कारखाना सगळ्याच ठिकाणाहून हलली असती, आणि पोटातलं मूल जन्मभर 'ते तसलं' म्हणून वाढलं असतं. सगळ्या बायका पायरीकडं बघायला लागल्या. राजव्वानं गाणं सुरू केलं की फेर सुरू. मग कुणाची परात कुठं, हा प्रश्नच उरणार नव्हता.

राजव्वा गाईना.  मग गुडघ्यावर हात टेकून उठली, पायरी उतरली आणि रिंगणात आली. बारा वर्षांनी.

"माझं पण ऑपरेशन झालं होतं," ती म्हणाली. "पाच लेकरांनंतर, शाळेत कॅम्प भरला होता तेव्हा. आणि माझे पण दिवस गेले होते."

भूदेवीनं वळून सासूकडं बघितलं. 

"माझा नवरा परगावी पण नव्हता. घरातच होता. फक्त रात्रपाळीला जायचा. पण त्याचा हात लई लवकर उठायचा, आणि मी भ्याले. तोंड दाबून सुईणीकडं गेले. मरायचीच राहिले. पोटात गाठ होती म्हणून सांगितलं सगळ्यांना. कनके, तुझी आई मला बघायला आली होती. माझ्या कानात काय म्हणाली ठाऊक हाय? म्हणाली, 'राजव्वा, मला पण अशीच गाठ झाली होती.'"

कनकव्वाचं तोंड उघडंच राहिलं.

"आपण म्हणतो, ऑपरेशन कधी फसत नाही. फसतं गं. ज्यांचं फसतं त्या गप्प बसतात, म्हणून फसत नाही. ही एक गप्प बसली नाही, तर मीच हिला म्हटलं, अंधारात चल." तिचा आवाज फाटला. तिनं डोळे पुसले नाहीत. "माझी सून आहे ती. पोटातलं माझ्या मल्लेशमचं हाय. पराती परत आणून ठेवा. नाहीतर गाणी तुमची तुम्ही म्हणा."

एवढं बोलून तिनं टाळी दिली आणि पहिली ओळ उचलली. पायरीवर न बसता, रिंगणात उभी राहून. भूदेवीला ओळीला साथ देता येईना, पण पाय फिरले. दोन गाणी होईपर्यंत बाकीच्या आपापल्या पराती परत आणून ठेवत होत्या. तिसऱ्याला कनकव्वा आली. नाक उडवत आली, पण आली.

मल्लेशम दसऱ्याला आला. संध्याकाळी शमीची पानं घेऊन बायकोपुढं उभा राहिला. भूदेवीनं पानं घेतली नाहीत. "पाहुणे आलेत, अंबिका," ती म्हणाली, "चहा टाक." त्याला कपबशीत चहा दिला. घरच्यांना आमच्याकडं पेल्यात देतात. कपबशी हातात घेऊन तो रडला. राजव्वानं त्याला काय काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं 'तुझ्या बापावर गेलास' एवढंच सौम्य होतं.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माझं चुकलं. लोकांचं ऐकलं. आता काय करायचं सांग. ठेवायचं का...?"

"मला तिसरं नको होतं," भूदेवी म्हणाली. "आजही सगळ्यांनी मिळून मला अंधारात ढकललं असतं, तर मी उजेडात जाऊन काढून आले असते, आणि परत येताना पेढे वाटले असते. पण आता कुणी ढकलत नाही, तर नीट विचार केला. कात्री, दोरा आणि सरकार तिघांना हरवून जे आलंय, त्याला मी कशाला अडवू? येऊ दे. मात्र यापुढचं ऑपरेशन तुझं."

मल्लेशमनं मान डोलावली आणि तिच्या हातातून श्रीहरीचं ताट घेऊन घासायला बसला. भूदेवीनं त्याला माफ केलं. पण त्याचा चहा वर्षभर कपबशीतच येत होता.

दिवस भरत गेले तशा बायका दुपारच्या वेळी म्याकलांच्या उंबऱ्यात टेकायला लागल्या. कुणाला ऑपरेशन करून घ्यायचं होतं आणि भीती होती, कुणाची करून पाळी चुकली होती. भूदेवी पहिलीला सांगे, कर, दोनशेत एकशे नव्व्याण्णव सुखात आहेत. दुसरीला सूप बाजूला ठेवून स्वतः डॉक्टरबाईंकडं घेऊन जाई, आधी जागा बघून घेऊ म्हणून. एकीनं मोकळं व्हायचं ठरवलं, तिच्याही सोबत गेली. जाताना मोठ्या रस्त्यानं, रिक्षाचा पडदा वर करून.

चैत्र उलटल्यावर मुलगी झाली. पुढच्या सुट्टीत मल्लेशम आला तेव्हा भूदेवीनं त्याला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. गल्ली दारादारात उभी राहिली. "मल्लेशम, माग बंद पडणार तुझा!" कुणीतरी ओरडलं. भूदेवी थांबून म्हणाली, "आधी स्वतःचा चालू कर, मग दुसऱ्याची काळजी." सिद्राम चेकर, आपलंही नाव निघेल म्हणून, तेवढ्यात घाईनं दुसऱ्या गल्लीत वळला.

दुपारी मल्लेशम परत आला आणि खाटेवर सावकाश टेकला. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, लगेच निर्धास्त होऊ नकोस, तीन महिने जपायचं, मग तपासून घ्यायचं, आणि त्यानंतरही कधीतरी हजार-दोन हजारांत एखाद्याचं फसतं. हेच शेवटचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. भूदेवी पोरीला पाजत होती. राजव्वा उंबऱ्यात विड्या वळत होती.

"आणि हे पण सुटलं तर?" त्यानं विचारलं.

भूदेवी काही बोलायच्या आत राजव्वानं हातातल्या विडीला दोरा मारला, नखानं ओढून बघितला आणि ती सुपात टाकली.

"सुटलं तर सुटलं," ती म्हणाली. "या वेळी मी आधी बोलेन."